अकोल्यापेक्षा लहान शहराचा चॅम्पियन
(आय-लीग २०१६-१७ : एका हंगामाचा हिशेब)

आपल्या हॉस्टेलवर फुटबॉल म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे रात्री उशिरा कॉमन रूममध्ये लागणारी इंग्लंडची किंवा स्पेनची मॅच, आणि दुसरी गॅदरिंगच्या आठवड्यातली इंटर-ब्रँच टूर्नामेंट. पहिलीसाठी लोक सकाळचं लेक्चर बुडवतात, दुसरीसाठी प्रॅक्टिकल. पण या दोन्हींच्या मध्ये आपल्या स्वतःच्या देशाचा फुटबॉल कुठं असतो, हे कुणी विचारत नाही. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी आमच्या मजल्यावर सहज विचारलं, "२०१७ साली भारताचा लीग चॅम्पियन कोण होता?" एकानं "मोहन बागान असंल बे" म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं गोव्याचं नाव घेतलं, आणि तिसरा म्हणाला, "आपल्या इकडं लीग बी असते काय?" हा तिसरा चेल्सीचा राखीव गोलकीपर कोण, हे झोपेतही सांगू शकतो.

उत्तर आहे आयझॉल एफसी. मिझोरमची राजधानी आयझॉल. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या २ लाख ९३ हजार होती. त्याच जनगणनेत आपलं अकोला शहर सव्वाचार लाखांच्या वर आणि अमरावती साडेसहा लाखांच्या जवळ होती. अख्ख्या मिझोरम राज्यात ११ लाखांपेक्षा थोडे कमी लोक, तर एकट्या अकोला जिल्ह्यात १८ लाखांवर. म्हणजे अकोल्याहून लहान असलेल्या एका शहरानं कोलकाता, बंगळुरू, मुंबई, पुणे, चेन्नई, गोवा या सगळ्यांना मागं टाकून देशाची लीग जिंकली. ती त्यांनी कशी जिंकली, त्याच वेळी आपल्या महाराष्ट्राचे दोन संघ काय करत होते, आणि त्यातून आपल्या ग्राउंडसाठी काही घेण्यासारखं आहे का, हे जरा समजून घेऊ या.

लीग आणि नॉकआउट

आधी थोडं गणित, कारण आपण इंजिनिअर होणार आहोत (असं घरच्यांना वाटतं).

गॅदरिंगची टूर्नामेंट नॉकआउट असते. हरलात की घरी. प्रत्येक मॅच एक संघ बाहेर काढते, म्हणून 'एन' संघ असतील तर 'एन वजा एक' मॅचमध्ये काम संपतं. सहा ब्रँच असतील तर पाच मॅच. आयोजकांना हे फार सोयीचं, कारण दोन दिवसांत कप देऊन मोकळं होता येतं. पण यात नशिबाचा वाटा मोठा. तुमचा स्ट्रायकर त्या दिवशी तापानं पडला, पेनल्टी बारला लागली, किंवा मेसच्या कालच्या भाजीनं घात केला, की वर्षभराची प्रॅक्टिस गेली पाण्यात.

लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. एकदाच खेळायचं असेल तर एकूण मॅच होतात 'एन गुणिले एन वजा एक भागिले दोन'. दोनदा खेळायचं असेल, म्हणजे एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, तर त्याच्या दुप्पट. २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये दहा संघ होते. म्हणजे प्रत्येकाच्या १८ मॅच, आणि एकूण ९०. जिंकलात तर ३ गुण, बरोबरीला १, हरलात तर शून्य. शेवटी ज्याचे गुण जास्त तो चॅम्पियन. फायनल नावाची मॅचच नसते.

ही कल्पना इंग्लंडमध्ये १८८८ साली सुरू झाली. अॅस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅकग्रेगर यांनी बारा क्लब एकत्र करून पहिली फुटबॉल लीग उभी केली. त्यामागं कारण अगदी व्यवहारी होतं. तोवर मॅच ठरायच्या आणि रद्द व्हायच्या, संघ कपातून लवकर बाहेर पडले की मैदान रिकामं, आणि तिकिटाचे पैसे बंद. लीगनं प्रत्येक क्लबला ठरलेल्या तारखा दिल्या. खेळाडूला पगार द्यायचा तर वर्षभराचं काम हवं, आणि वर्षभराचं काम फक्त लीगच देऊ शकते. व्यावसायिक फुटबॉलचा पाया तो हाच.

दुसरा नियम बढती आणि घसरणीचा. तळाचा संघ खालच्या श्रेणीत जातो, खालच्या श्रेणीतला विजेता वर येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर ईयर डाऊन. यामुळं शेवटच्या दोन-तीन संघांच्या मॅचलाही तेवढाच जीव असतो. पुढं जी गोष्ट सांगणार आहे, ती या एका नियमाभोवती फिरते.

हंगाम सुरू होण्याआधीची भानगड

भारतात राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली. तिचं नाव नॅशनल फुटबॉल लीग. तिचे अकरा हंगाम झाले. त्यातले सहा कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालनं जिंकले, तीन गोव्याच्या क्लबांनी, एक पंजाबच्या जेसीटीनं आणि एक, २००५-०६ चा, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं. २००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग आली. तिथंही पहिले सहा हंगाम गोव्याच्या क्लबांनीच वाटून घेतले: डेम्पो तीन, चर्चिल ब्रदर्स दोन, साळगावकर एक.

आयझॉल एफसी हा क्लब १९८४ पासूनचा, पण देशाच्या पहिल्या श्रेणीत तो आला २०१५ मध्ये, दुसरी श्रेणी जिंकून. पहिल्याच हंगामात, म्हणजे २०१५-१६ मध्ये, नऊ संघांत तो आठवा आला आणि घसरला. आता गंमत बघा. आठवा घसरला, तर नववा का नाही? कारण नववा होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. तो क्लब थेट प्रवेश घेऊन लीगमध्ये आला होता आणि अशा नव्या क्लबांना सुरुवातीला घसरणीपासून सूट होती. म्हणून नापास झाला आयझॉल.

त्याच काळात फुटबॉल महासंघाचा एक आराखडा पुढं आला. त्यानुसार इंडियन सुपर लीग वरची आणि आय-लीग तिच्याखालची होणार होती. गोव्याचे क्लब चिडले. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत बोलावणं आलं. विचार करा, गोव्यात कुणाला राग आला नसता तर आयझॉल त्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत खेळत असता. एटीकेटी मिळालेला पोरगा पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीत पहिला यावा, तसं हे झालं.

मुंबईहून गेलेला माणूस

आता या गोष्टीत महाराष्ट्र येतो.

खालिद जमील हे मुंबईच्या मैदानावर घडलेलं नाव. जन्म कुवेतचा, पण खेळाडू म्हणून कारकीर्द मुंबईची: महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी. भारताकडूनही खेळले. दुखापतींनी खेळ थांबला तेव्हा २००९ मध्ये मुंबई एफसीनं त्यांना प्रशिक्षक केलं. तिथं ते सात वर्षं होते. मुंबई एफसीकडं मोठ्या क्लबांइतका पैसा कधीच नव्हता, त्यामुळं जेतेपदाची गोष्ट कुणी करत नसे. खालिद यांचं काम होतं संघाला पहिल्या श्रेणीत टिकवून धरणं, आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं केलं. बघणाऱ्याला हा खेळ काही फार देखणा वाटायचा नाही. आधी गोल खायचा नाही, मग संधी मिळाली तर मारायचा, असा सरळ मामला.

२०१६ मध्ये मुंबई एफसीनं त्यांना निरोप दिला. खालिद गेले आयझॉलला, जिथं क्लबचं एकूण बजेट मोठ्या क्लबांच्या मानानं अगदी किरकोळ होतं. त्यांनी काय केलं? नवे तारे विकत घेणं शक्य नव्हतं, म्हणून ओळखीची आणि मेहनती पोरं गोळा केली. मुंबईचा जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे दोघे आधी मुंबई एफसीकडून खेळलेले. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अम्ना आणि लायबेरियाचा अल्फ्रेड जारयान, पुढं आयव्हरी कोस्टचा कामो बायी. आणि यांच्या भोवती ब्रँडन, लालरामचुल्लोवा यांच्यासारखी तरुण मिझो पोरं, जी धावायला लागली की थांबत नव्हती.

अठरा मॅचचा प्रवास

हंगाम ७ जानेवारी २०१७ ला सुरू झाला. आयझॉलनं सलामीला कोलकात्यात ईस्ट बंगालला १-१ असं रोखलं. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. एखादी बरोबरी कुणालाही मिळते. पण लीगमध्ये पाहायचं असतं ते सातत्य, आणि आयझॉल गुण जमवत राहिला. एप्रिल उजाडला तेव्हा शर्यतीत उरले होते दोघे: शतकाहून जुना मोहन बागान आणि घसरता घसरता वाचलेला आयझॉल.

२२ एप्रिलला दोघं समोरासमोर आले, आयझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर. दोघांचेही ३३ गुण. प्रत्येकाच्या दोनच मॅच शिल्लक. लीगमध्ये फायनल नसते असं मी वर म्हटलं, पण कधीकधी वेळापत्रकच फायनल तयार करून देतं. शेवटची काही मिनिटं उरली होती तेव्हा झोहमिंगलियाना राल्ते या बचावपटूनं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला. १-०. आयझॉल ३६, मोहन बागान ३३.

शेवटचा दिवस ३० एप्रिल. आयझॉलची मॅच शिलाँगमध्ये लाजाँगशी, मोहन बागानची मॅच चेन्नई सिटीशी. आयझॉलला बरोबरी पुरेशी होती. हरले असते आणि बागान जिंकला असता, तर दोघांचे गुण सारखे झाले असते. आणि नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या दिपांडा डिकानं गोल मारला. तिकडं बागान आपली मॅच जिंकण्याच्या मार्गावर. विचार करा, पुढचा जवळजवळ तास आयझॉलच्या पोरांनी कसा काढला असेल. आपल्याला रिझल्टच्या दिवशी साइट उघडेपर्यंत दहा मिनिटं काढवत नाहीत. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली. १-१. मॅच तिथंच थांबली. आयझॉल ३७, मोहन बागान ३६. ईशान्य भारतातल्या क्लबानं राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

एका गुणाचं गणित

आता माझा आवडता भाग. १८ मॅचमध्ये आयझॉलचा हिशेब होता ११ विजय, ४ बरोबरी, ३ पराभव. मोहन बागानचा होता १० विजय, ६ बरोबरी, २ पराभव. म्हणजे बागान आयझॉलपेक्षा कमी वेळा हरला, तरी दुसरा आला!

कारण तीन गुणांचा नियम. पूर्वी जगभर विजयाला २ गुण असत. इंग्लंडनं १९८१ मध्ये ३ गुण सुरू केले, वर्ल्ड कपमध्ये ते १९९४ पासून आले. जुन्या नियमानं मोजा. आयझॉल: ११ गुणिले २ अधिक ४, म्हणजे २६. बागान: १० गुणिले २ अधिक ६, म्हणजे २६. सारखे! जुन्या नियमात एक विजय आणि एक पराभव यांची किंमत दोन बरोबऱ्यांइतकी होती. नव्या नियमात एक विजय आणि एक पराभव मिळून ३ गुण, दोन बरोबऱ्यांचे फक्त २. म्हणजे नियमच सांगतो, सांभाळून खेळू नका, जिंकायला जा.

पण यात एक मौज आहे. खालिद यांची ओळख बचाव पक्का ठेवणारा प्रशिक्षक अशी, आणि त्यांना जेतेपद मिळवून दिलं ते मात्र जिंकायला उत्तेजन देणाऱ्या नियमानं. बचाव पक्का ठेवणं म्हणजे बरोबरीसाठी खेळणं नव्हे, हे मला त्या टेबलवरून नीट कळलं. पाया पक्का असला की एका गोलानं मॅच जिंकता येते. सिव्हिलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

टेबलाच्या तळाशी

आता याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बघा. ज्या मुंबई एफसीनं खालिदना जाऊ दिलं, तो त्याच हंगामात तळाला गेला आणि घसरला. हंगामाच्या मध्येच तिथं प्रशिक्षकही बदलावा लागला, पण गाडी रुळावर आली नाही. सात वर्षं जो माणूस संघ वाचवत होता, तो गेल्यावर पहिल्याच वर्षी संघ बुडाला. आणि तो माणूस तिकडं देशाचा चॅम्पियन झाला. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हणालो असतो, काहीही दाखवतात.

पुण्याचा डीएसके शिवाजियन्सही तळाच्या भागातच राहिला. त्यांच्या मॅच बालेवाडीच्या स्टेडियममध्ये व्हायच्या. २०१७ च्या पुढच्या हंगामात हे दोन्ही क्लब लीगमध्ये नव्हते. ज्या डीएसकेच्या सुटीमुळं आयझॉल घसरला होता, तो डीएसके वर्षभरात संपला, आणि घसरलेला आयझॉल चॅम्पियन.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नव्हता. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीनं क्लब बंद केला. म्हणजे राष्ट्रीय लीग जिंकल्यावर अवघ्या चार वर्षांत. एफसी पुणे सिटी हा सुपर लीगमधला क्लब २०१४ मध्ये आला आणि २०१९ मध्ये गेला. मुंबई सिटी एफसीनं मात्र नंतर सुपर लीगचं जेतेपद मिळवलं, २०२०-२१ मध्ये आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये, तेव्हा सगळंच काळं नाही. पण एक गोष्ट दिसते: आपल्याकडं क्लब वरून येतो. कुणी कंपनी ठरवते, क्लब सुरू होतो. कंपनीच्या खर्चाच्या यादीत काट पडते, क्लब संपतो. खाली मूळ नसतं, म्हणून वर पाणी थांबलं की झाड वाळतं.

मग आयझॉलला मूळ कुठून आलं?

मिझोरमची पोरं आधीपासून फुटबॉलमध्ये होती, पण त्यांना घर सोडावं लागायचं. शायलो मालसोमत्लुआंगा, ज्याला सगळे 'मामा' म्हणतात, तो टाटा अकादमीतून कोलकात्याला गेला आणि ईस्ट बंगालचा लाडका झाला. जेजे लालपेखलुआ तर या २०१६-१७ च्या हंगामात मोहन बागानकडून, म्हणजे आयझॉलच्या विरुद्ध बाजूनं खेळत होता. गुण होते, पण गावात ठरलेली लीग नव्हती.

२०१२ मध्ये मिझोरम प्रीमियर लीग सुरू झाली. राज्याच्या आतली, स्थानिक क्लबांची लीग. झोनेट या तिथल्या केबलवाल्यांनी तिचे सामने घरोघरी दाखवायला सुरुवात केली. केबलवर आपल्या गल्लीतला पोरगा दिसला की त्याच्या आईला, शेजाऱ्यांना, मास्तरांना सगळ्यांनाच तो खेळाडू वाटायला लागतो. दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, मिझोरमनं पहिल्यांदा संतोष ट्रॉफी जिंकली. २०१५ मध्ये आयझॉल आय-लीगमध्ये. २०१७ मध्ये चॅम्पियन. क्रम लक्षात घ्या: आधी गावातली लीग, मग राज्याचा संघ, मग देशाचा चॅम्पियन.

आणि हे सगळं डोंगराळ प्रदेशात, जिथं सपाट जागा मिळणं हीच मोठी गोष्ट. आपल्याकडं तर जिकडं बघावं तिकडं सपाट. वऱ्हाडात जमिनीची कमी नाही. कमी आहे ती ठरलेल्या तारखेची.

आपल्या भागात खेळाची परंपरा नाही, असं कुणी म्हणू नये. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं आहे आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या मंडळींनी आपले देशी खेळ तिथं करून दाखवले. नागपूर-कामठीकडचा फुटबॉल जुना आहे. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना हाताशी धरून जे केलं, त्यावर नागराज मंजुळेंचा 'झुंड' २०२२ मध्ये आपण सगळ्यांनी पाहिला. क्रिकेटमध्ये विदर्भानं २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली, आणि त्यानंतर आणखी दोनदा. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून खेळला, अकोल्याचा अथर्व तायडे विदर्भाकडून खेळतो. क्रिकेटमध्ये हे का झालं? लहान वयापासून ठरलेल्या स्पर्धा, वर्षभर मॅच, अकादमी. म्हणजे तेच, मूळ. पोरं तीच, ऊन तेच. फरक वेळापत्रकाचा.

जिंकल्यावर काय झालं

इथं गोष्ट गोड करून संपवता आली असती, पण ते खरं होणार नाही. आयझॉल चॅम्पियन झाला आणि लगेच प्रश्न आला की देशाची मुख्य लीग कोणती. २०१७-१८ पासून सुपर लीग आणि आय-लीग एकाच वेळी चालू लागल्या. बंगळुरू एफसी सुपर लीगमध्ये गेला. चॅम्पियन असलेल्या आयझॉलला तिथं जागा नव्हती, कारण तिथला प्रवेश तेव्हा टेबलवरून नाही, पैशावरून ठरत होता. क्लबनं आवाज उठवला, पण निर्णय बदलला नाही. खालिदही कोलकात्याला ईस्ट बंगालकडं गेले. आपल्या भाषेत: टॉपर आलास, अभिनंदन, पण पुढच्या वर्गाची फी तुला परवडणार नाही.

तरी त्या हंगामाची छाप राहिली. त्याच टेबलात नवव्या क्रमांकावर असलेला पंजाबचा मिनर्व्हा पुढच्या वर्षी, २०१७-१८ मध्ये, चॅम्पियन झाला. आणि ज्या चेन्नई सिटीशी बागान शेवटच्या दिवशी खेळला, त्यानं २०१८-१९ जिंकली. म्हणजे लीगमध्ये टिकून राहिलात, तर आजचा ढ उद्याचा पहिला होऊ शकतो. नॉकआउटमध्ये ही संधी नसते.

पैशाच्या बाजूनं बघितलं तर मोठ्या लीगही पक्क्या नाहीत. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला जुना करार संपत आला आणि नवा ठरेना, म्हणून २०२५-२६ चा सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरूच होऊ शकला नाही. शेकडो खेळाडू तयारी करून बसून राहिले. १८८८ मध्ये मॅकग्रेगरनी जो प्रश्न सोडवला, की मॅच कधी आहे ते सगळ्यांना आधी कळावं, तोच प्रश्न १३७ वर्षांनी आपल्या देशापुढं उभा राहिला. त्याच वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, खालिद जमील यांची भारताच्या मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. मुंबई एफसीला नको झालेला माणूस, आयझॉलमार्गे, तिथवर पोचला.

आता आपलं ग्राउंड

हे सगळं हॉस्टेलच्या मासिकात कशाला, असं वाचणारे रेक्टर सर म्हणतील. तर सर, यासाठी.

आपल्याकडं सहा ब्रँच आहेत. दर वर्षी नॉकआउट होते. पाच मॅच, म्हणजे संघांच्या मिळून दहा हजेऱ्या. सरासरी काढली तर प्रत्येक ब्रँचच्या वाट्याला वर्षाला दोन मॅचही येत नाहीत. बूट विकत घेणाऱ्या पोराचा हिशेब केला, तर तासाचा खर्च मल्टिप्लेक्सपेक्षा महाग पडतो. त्याच सहा संघांची एकेरी लीग ठेवली तर १५ मॅच, प्रत्येकाला पाच. रविवारी संध्याकाळी दोन-दोन खेळवल्या तर आठ रविवार लागतील. ऑगस्टमध्ये सुरू केली तर दिवाळीच्या सुटीआधी संपते आणि सबमिशनच्या आडही येत नाही. पावसानं एखादा रविवार गेला तर पुढं सरकवता येतो. खर्च? दोन चेंडू, चुना, एक शिट्टी, आणि नोटीस बोर्डावर दर सोमवारी बदलणारा एक कागद.

तो कागद सगळ्यात महत्त्वाचा. टेबल लागलं की मेसमध्ये चर्चा सुरू होते. शेवटची ब्रँच चौथीला गाठायला बघते. फर्स्ट ईयरचा पोरगा पहिल्या मॅचमध्ये घाबरतो, तिसऱ्यात सावरतो, पाचव्यात गोल मारतो. नॉकआउटमध्ये तो पहिल्याच मॅचनंतर प्रेक्षक झाला असता. आमचे मेसवाले काका मागच्या वर्षी म्हणाले होते, "तुमची टूर्नामेंट चालू कधी झाली न् संपली कधी, कायीच समजलं नाई बाप्पा." आठ रविवार चालली तर त्यांनाही समजेल. मुलींच्या हॉस्टेलची चार संघांची लीग याच रविवारी बसते: सहा मॅच, तीन रविवार.

२०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला. आपल्याला त्याचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण रस्ता पाच दिवसांत होतो, फुटबॉल संघ होत नाही. त्याला आठ रविवार लागतात, मग पुढच्या वर्षीचे आठ, मग त्याच्या पुढचे. आयझॉलला गावातल्या लीगपासून देशाच्या जेतेपदापर्यंत पाच वर्षं लागली. आपलं उद्दिष्ट एवढं मोठं नाही. युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत परत यायचं नाही, एवढं जरी साधलं तरी पुष्कळ.

वेळापत्रकाचा कच्चा कागद मी तयार केला आहे. पंधरा मॅच, तारखांसकट. ज्या ब्रँचला खेळायचं आहे त्यांच्या कॅप्टननं जिमखान्यात नाव द्यावं. टेबल कोण लिहिणार म्हणाल, तर ते मी लिहितो. अक्षर बरं आहे, कॉन्व्हेंटचं आहे.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)